देशांतर कशास म्हणावे?

आषाढाचे दिवस होते. वारसाहक्काच्या एका दाव्यातील जुने दस्तऐवज तपासण्यासाठी मला बऱ्हाणपुरास जावे लागले होते. काम आदल्या सायंकाळीच आटोपले आणि परतीच्या गाडीस बराच अवकाश होता. म्हणून पहाटे उठून तापीच्या राजघाटावर गेलो. पहिल्या पावसाने नदी गढुळली होती, पण अजून फुगली नव्हती. पात्रातील दगडी हत्तीची पाठ पाण्याबाहेर दिसत होती. मागे शाही किल्ल्याच्या पडक्या भिंती, समोर पैलतीरी जैनाबादची झाडी, आणि मध्ये सूर्यकन्या तापी. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सव या घाटांवर होतो. त्यास अजून चार दिवस होते.

घाटाच्या एका अंगास दशक्रियेचा विधी चालू होता. वडील गेले होते. धाकट्या मुलाने अग्नी दिला होता, आणि थोरला परदेशातून विमानाने तिसऱ्या दिवशी येऊन पोहोचला होता. विधीत थोडी उसंत मिळाली तेव्हा त्याने गुरुजींना हळूच विचारलेला प्रश्न माझ्या कानी पडला.

“गुरुजी, मी आलो तिसऱ्या दिवशी. मग माझे दिवस आल्यापासून धरायचे का?”

गुरुजींनी मान वर न करताच विचारले, “कळलं कधी तुला?”

“त्याच क्षणी. फोन चालूच होता. सगळं फोनवर पाहिलं मी. अग्नी देतानासुद्धा.”

“मग तुझे दिवस याच्याबरोबरच,” असे म्हणून गुरुजींनी धाकट्याकडे बोट केले आणि पुढचे दर्भ हाती घेतले.

प्रश्नाचा निकाल लागला होता. निकाल शास्त्रास धरून होता, यातही संशय नाही. तथापि त्या थोरल्या मुलाच्या मुखावर समाधान दिसले नाही, आणि परतीच्या प्रवासात माझ्याही मनातून तो प्रश्न जाईना. दोन गावांमधील अंतर नेमके कशात मोजावे? कोसांत, दिवसांत, की वार्ता पोहोचण्यास लागणाऱ्या काळात? ज्या घाटावर हा प्रश्न विचारला गेला, त्या घाटाने या तिन्ही मापांचा इतिहास पाहिलेला आहे. तोच येथे वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. दूरदेशी राहणाऱ्या आप्ताच्या मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर अशौच किती पाळावे, याचा विचार मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आला आहे. दहा दिवसांच्या आत कळले, तर त्या दहांतील उरलेले दिवस पाळावेत; दहा दिवस उलटून गेल्यावर कळले, तर तीन रात्री; आणि वर्ष लोटल्यावर कळले, तर स्नानाने शुद्धी होते. नियम साधा आहे आणि त्यामागे माणुसकी आहे. दूर असणाऱ्याने आपले व्यवहार सोडून, जे घडून गेले आणि संपले त्यासाठी पूर्ण काळ अडकून राहावे, असा हट्ट शास्त्राने धरला नाही. अंतरामुळे त्याला काही सवलत दिली.

सवलत आली की तिच्या मर्यादेचा प्रश्न येतो. वकिलाच्या पेशात असलेल्यांना हे सांगावयास नको. देशांतर म्हणजे किती दूर? येथे स्मृतिकारांनी आणि निबंधकारांनी दिलेली उत्तरे फार विचार करण्याजोगी आहेत. कोणी योजनांत मोजले : काहींनी साठ, काहींनी चाळीस, तर काहींनी तीस योजने सांगितली. योजन म्हणजे ढोबळमानाने चार कोस धरले, तर साठ योजने म्हणजे दोनशे चाळीस कोस होतात. कोणी म्हटले, मध्ये महानदी आली, पर्वत आडवा आला किंवा भाषा बदलली, की देशांतर झाले. स्थळ जवळ असले तरी हरकत नाही. आणि एका वचनात तर असे मानले आहे की, जेथील वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही, ते देशांतर.

या शेवटच्या व्याख्येत कोस नाहीत, नदी नाही, डोंगर नाही. अंतर म्हणजे वार्तेस लागणारा काळ, एवढेच तिचे म्हणणे. आज आपण दोन शहरांमधील अंतर विचारले की उत्तर पुष्कळदा तासांत मिळते. “दिल्ली अडीच तासांवर आहे” असे गोव्याचा माणूस सहज म्हणून जातो. हा विमानयुगाचा विचार आहे असे आपणांस वाटते. पण अंतर काळाने मोजण्याची रीत आमच्या निबंधग्रंथांत शेकडो वर्षांपूर्वीच नोंदलेली आहे.

या व्याख्या घेऊन राजघाटावर उभे राहिले, तर त्यांतील तीन खुणा एकाच जागी सापडतात. महानदी पुढ्यात वाहते. उत्तरेस सातपुडा उभा आहे आणि त्याच्या खिंडीवर आसीरगड पहारा देतो. दक्षिणेकडून येताना मराठी आणि खानदेशी बोली कानी पडतात. आसीरगड ओलांडून नर्मदेकडे उतरले की निमाडी सुरू होते. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी या जागी नगर वसविले ते याचसाठी. दख्खनेत उतरणारा आणि दख्खनेतून वर जाणारा प्रत्येक जण येथून जाणार, हे त्यांनी ओळखले होते. नदीच्या ऐलतीरावरील नगराला बुर्हानुद्दीन या सूफी संताचे नाव दिले गेले आणि पैलतीरावरील वस्तीला जैनुद्दीन या संताचे.

नदीमुळे जवळचे स्थळही परदेश होते, हे आमच्या वाचकांस परक्या ग्रंथातून शिकण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात साष्टीत पोर्तुगीज सत्तेचा जाच वाढला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपार अंत्रुजात आली. आजची कुठ्ठाळी आणि प्रियोळ यांमध्ये काही कोसांचेच अंतर आहे. पण मध्ये झुआरीचे पात्र होते, आणि पैलतीरी दुसऱ्याचे राज्य होते. तेवढ्या पाण्याने देवांना आश्रय दिला. त्या रात्री होडीत बसलेल्या आमच्या पूर्वजांना कोणी योजने मोजण्यास सांगितले असते, तर अर्धेही भरले नसते. पण ते देशांतर करीत होते, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

आता लांबच्या वाटेकडे येऊ. गोवा आणि आग्रा ही जोडी घेऊ, कारण ती आपल्या जवळची आहे. अकबराच्या बोलावण्यावरून पहिले जेझुइट मंडळ १७ नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून निघाले. त्यात रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि आंतोनिओ मोन्सेरात हे होते. समुद्रमार्गे दमण, पुढे सुरत, तेथून खानदेशाच्या पश्चिम टोकाने सेंधव्यावरून माळव्यात, आणि उज्जैन, ग्वाल्हेर करीत ते फत्तेपूर सिक्रीस पोहोचले तेव्हा फेब्रुवारी १५८० संपत आला होता. वाटेतील मुक्काम धरून तीन महिन्यांहून अधिक काळ गेला. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी अकबर स्वतः दक्षिणेत उतरला. जानेवारी १६०१ मध्ये आसीरगड त्याच्या हाती आला, आणि त्याच वर्षी बऱ्हाणपूरच्या मुक्कामातून त्याने गोव्यास आपला वकील पाठविला; बेंतो द गोइस हा जेझुइट त्याच्यासोबत होता. हाच बेंतो पुढे मध्य आशियाच्या वाटेने चीनकडे गेला. गोव्याचा विचार करणारा बादशहा तापीकाठी बसलेला होता, ही गोष्ट गोमंतकाच्या इतिहासात फारशी आठवली जात नाही.

सुरत ते आग्रा हा त्या काळचा मोठा व्यापारी रस्ता. त्याच्या दोन वाटा होत्या : एक अहमदाबादेवरून आणि दुसरी बऱ्हाणपूर व सिरोंज यांवरून. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये याने बऱ्हाणपूरच्या वाटेचा हिशेब सुमारे ३४० कोसांचा दिला आहे, आणि प्रवासास पस्तीस ते चाळीस दिवस लागत असे लिहून ठेवले आहे. बऱ्हाणपूरच्या झिरझिरीत सुती वस्त्रांचाही तो उल्लेख करतो. ती वस्त्रे इराण, तुर्कस्तान, कैरो, इतकेच नव्हे तर पोलंडपर्यंत जात. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो याने १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरत सोडली; १४ नोव्हेंबरला तो बऱ्हाणपुरास आला, शहजादा परवेझ याची भेट घेतली, आणि आजारी अवस्थेत मजल दरमजल करीत २३ डिसेंबरला अजमेरास बादशहाच्या छावणीत पोहोचला. सुरतेहून अजमेरापर्यंत जवळजवळ दोन महिने. लंडनहून आलेल्या पत्राचे उत्तर लंडनला पोहोचेपर्यंत पुष्कळदा वर्ष उलटून जाई. अशा वकिलाला राजाची आज्ञा विचारण्याची सोय नव्हती. आपल्या बुद्धीनेच वागावे लागे. अंतरामुळे सेवकाच्या हाती अधिकार येई, हा राज्यकारभाराचा जुना अनुभव आहे.

या वाटेने केवळ जिवंत माणसेच गेली नाहीत. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. १७ जून १६३१ रोजी बेगम मुमताज महल येथेच बाळंतपणात वारली. राजघाटावरून समोर पाहिले की पैलतीरी जैनाबाद दिसते. तेथील बागेत तिला प्रथम दफन केले. सहा महिने ती तेथे होती. डिसेंबरात शहजादा शुजा याच्या सोबतीने तिचा देह आग्र्याच्या वाटेस लागला आणि जानेवारी १६३२ मध्ये यमुनाकाठी पोहोचला. आज हे अंतर रेल्वेने एका रात्रीचे आहे. ताजमहाल पाहण्यास जाणारे लक्षावधी लोक या शहराचे नावही घेत नाहीत. पण त्या इमारतीची कथा याच नदीकाठी सुरू झाली.

येथवर जे सांगितले त्यात एक गोष्ट गृहीत होती, ती आता स्पष्ट केली पाहिजे. त्या काळी माणूस आणि वार्ता एकाच वाटेने, जवळजवळ एकाच वेगाने जात. कबुतरे आणि डोंगरमाथ्यावर पेटविलेले जाळ सोडले, तर बातमी नेण्यास घोडा, सांडणी किंवा माणसाचे पाय यांवाचून साधन नव्हते. काशीद हा व्यापाऱ्यापेक्षा चपळ असे, इतकेच. म्हणून वार्ता जेथे दहा रात्रींत पोहोचत नाही तेथे माणूसही दहा रात्रींत पोहोचणार नाही, हे उघडच होते. स्मृतीच्या व्याख्येत वार्ता म्हटले काय किंवा प्रवासी म्हटले काय, अर्थ एकच राहत होता.

याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मराठ्यांच्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. या वेळी नानासाहेब पेशवे भाऊंच्या मदतीस उत्तरेकडे कूच करीत होते. त्यांना पानिपताची वार्ता मिळाली ती २४ जानेवारीस, भेलशाच्या मुक्कामी. ती सरकारी जासुदाकडून आली नाही. पानिपताहून औरंगाबादेस सावकारी पत्र घेऊन जाणारा एक काशीद वाटेत पेशव्यांच्या लोकांना सापडला. नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याचा त्याचा करार होता, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. त्या काळी दिल्लीकडून औरंगाबादेस येणारा राजमार्ग नर्मदा उतरून आसीरगडाखालून बऱ्हाणपुरास येई. काशीद अडविला गेला नसता तर याच तापीचे पाणी ओलांडून तो पुढे गेला असता. त्याच्या जवळच्या पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सावकारी भाषेत हानी सांगितली होती. कोणते दोन मोती, हे पेशव्यांना विचारावे लागले नाही.

चौदा तारखेच्या रात्रीपासून चोवीसपर्यंत बरोबर दहा रात्री होतात. त्या दहा रात्री एक बाप आपल्या पुत्राच्या मदतीसाठी चालत होता, आणि पुत्र नव्हता. फौजेसाठी दाणावैरणीचे हिशेब होत असतील, मुक्काम ठरत असतील, उद्याच्या कूचीचे हुकूम सुटत असतील. आणि ज्यांच्यासाठी हे सर्व, ते पानिपतावर पडून दहा दिवस झाले होते. पेशव्यांच्या जगात ते चोवीस तारखेपर्यंत जिवंत होते. मग मृत्यू कोणत्या दिवशी झाला म्हणावे? इतिहासकार चौदा म्हणेल. बापाला विचारले असते, तर त्याने कोणता दिवस सांगितला असता? त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर नानासाहेबांनी देह ठेवला.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई तर पानिपताहून जिवंत परतल्या, पण पतीच्या मृत्यूवर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. पुढे एका तोतयाने भाऊ म्हणून डोके वर काढले, त्याच्यामागे माणसे जमली, चौकश्या झाल्या, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. वार्ता उशिरा येणे हे एक दुःख. वार्ता आली तरी खात्री न पटणे हे त्याहून मोठे. बारा वर्षे थांग न लागलेल्या माणसाची दर्भाची प्रतिमा करून तिचा संस्कार करावा, असे शास्त्राने सांगितले. सात वर्षे ज्याच्याविषयी काही ऐकू आले नाही तो मेला असे गृहीत धरावे, असे आजचा पुराव्याचा कायदा सांगतो. दोघांनाही कोठे तरी रेघ ओढावी लागली.

येथे माझ्या व्यवसायातील एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. १८७२ चा भारतीय करार कायदा विद्यार्थी म्हणून शिकताना त्याच्या चौथ्या कलमाने मला फार गोंधळविले होते. दूर असलेल्या माणसाने तुमचा प्रस्ताव पत्राने स्वीकारला, तर स्वीकाराची क्रिया पुरी कधी होते? कायदा सांगतो : प्रस्ताव करणाऱ्यावर ती त्याच क्षणी बंधनकारक होते, जेव्हा पत्र टपालात पडून स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटते, पण स्वीकारणाऱ्यावर ती बंधनकारक होते, जेव्हा पत्रातील मजकूर प्रस्ताव करणाऱ्यास कळतो. एकच घटना, पण दोन माणसांसाठी तिचे दोन क्षण. त्या वयात ही कायद्याची कसरत वाटली. पुढे मुदतीच्या कायद्यातही हेच तत्त्व दिसले : कपटाने लपविलेल्या गोष्टीत मुदत घडल्या दिवसापासून नव्हे, कळल्या दिवसापासून चालू होते.

आणि मग एके दिवशी अशौचप्रकरण चाळताना पैठीनसीचे मत वाचनात आले. सर्व सपिंडांना देशांतराची सवलत आहे. पण माता किंवा पिता गेला आणि पुत्र दूर असला, तर ज्या दिवशी ऐकले त्या दिवसापासून त्याने पूर्ण दहा दिवस पाळावेत, वर्ष उलटून गेले असले तरी. पुत्राच्या बाबतीत अंतराची सबब चालत नाही. त्याची मुदत ज्ञानाच्या दिवसापासून सुरू होते. कायद्याने जे व्यापारासाठी केले, ते स्मृतीने शोकासाठी आधीच केले होते. भेलशाच्या छावणीतील बापाचा आणि राजघाटावरील मुलाचा प्रश्न एकाच जातीचा होता, हे मला तेव्हा उमगले.

राजघाटाच्या कहाणीत आता लोखंडी रूळ येतात. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. पुढे थळ घाट चढून, भुसावळवरून, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूर, खांडव्याकडे गेला. आणि मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे दोन कंपन्यांचे रूळ जुळून मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग आगगाडीने होऊ लागला. करार कायद्याच्याच वर्षी, १८७२ साली, पॅरिसच्या एका वृत्तपत्रात झ्यूल व्हेर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी क्रमशः आली. तिच्यातील प्रवासी मुंबईहून कलकत्त्यास जाताना दुपारी बऱ्हाणपूर स्थानकावर थांबतात, आणि साहेबाचा नोकर खोट्या मोत्यांनी मढविलेल्या सपाता विकत घेतो. व्हेर्नने बऱ्हाणपूर पाहिले नव्हते. पण मुघल बादशहांनी जेथे वर्षे काढली, तेथे जगाचा प्रवासी आता जेवण आणि खरेदी उरकण्यापुरता थांबणार, हे त्याने अचूक ओळखले. १ जून १९१२ पासून मुंबईहून पेशावरास जाणारी पंजाब मेल याच मार्गाने जाऊ लागली. २४९६ किलोमीटरांस तिला सुमारे ४७ तास लागत. ताव्हेर्नियेच्या चाळीस दिवसांचे दोन दिवस झाले, तेही अधिक लांबीच्या वाटेवर.

रेल्वेहून मोठी उलथापालथ मात्र तिच्या रुळांशेजारी उभ्या राहिलेल्या तारेच्या खांबांनी केली. १८५५ मध्ये तारयंत्र लोकांसाठी खुले झाले, आणि हजारो वर्षे एकत्र चालत आलेली वार्ता आणि माणूस यांची फारकत झाली. वार्ता पुढे गेली, माणूस मागे राहिला. कोकणातल्या आणि गोमंतकाच्या सीमेवरच्या गावांत तार आली म्हणताच घरात रडे सुरू होई, कागद उघडण्यापूर्वीच. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या मुलाला आईची वार्ता त्याच दिवशी कळे. पण बोट पकडून, पुढे बैलगाडीने किंवा पायी घरी पोहोचेपर्यंत सर्व आटोपलेले असे. काशिदाच्या काळात ऐकणाऱ्याला हे तरी म्हणता येई की, जे व्हायचे ते होऊन गेले. तारेने त्याला एक नवे दुःख दिले : तिकडे आता काय चालले आहे हे जाणत वाटेत बसून राहण्याचे. तारेची ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिने दिलेले दुःख मात्र टेलिफोनने पुढे चालविले.

शेवटी आकाशमार्ग. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादेवरून, जुहूच्या मैदानावर विमान उतरविले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या सेवेचे पहिले प्रवासी माणसे नव्हेत, पत्रे होती. विमानाने प्रथम वार्ताच वाहिली. आज गोव्यात दाबोळी आणि २०२३ पासून मोपा असे दोन विमानतळ आहेत. तेथून दिल्ली सरळ रेषेत सुमारे पंधराशे किलोमीटर, आणि उड्डाणास साधारण अडीच तास. नकाशावर पट्टी ठेवून ही रेषा ओढली, तर ती सह्याद्री, गोदावरी, तापी, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य या सर्वांना छेदून जाते. तापी ओलांडते ती बऱ्हाणपूरच्या पश्चिमेस, सुमारे शंभर किलोमीटरांवर. ढगांवरून जाणाऱ्या प्रवाशास नदी लागली केव्हा आणि मागे पडली केव्हा, हे कळतही नाही. जेझुइटांचे शंभरावर दिवस एका भोजनाच्या वेळात मावले.

आता जुन्या व्याख्या या रेषेला लावून पाहू. योजनांनी मोजले तर गोवा-दिल्ली शंभरावर योजने भरते. म्हणजे साठांची कसोटी लावली तरी देशांतर निःसंशय. महानद्या मध्ये आहेत, पर्वत आहेत, भाषा तर अनेक वेळा बदलते. पाचांपैकी चार कसोट्यांनी निकाल देशांतराच्या बाजूने लागतो. पाचवी कसोटी वार्तेची. ती मात्र पृथ्वीच्या पाठीवर कोठेच लागू पडत नाही, कारण दहा रात्रींत जेथली वार्ता येत नाही असे स्थळच उरलेले नाही. त्या कसोटीने न्यूयॉर्क, नैरोबी किंवा सिडनी ही बऱ्हाणपूरच्या पलीकडल्या आळीसारखी आहेत. दूरच्या आप्ताला शास्त्राने कनवाळूपणाने दिलेली सवलत व्यवहारात जवळजवळ संपली. कोणी अपराध केला नाही, कोणी नियम बदलला नाही. वार्ता वेगवान झाली आणि सवलत आपोआप गळून पडली.

सवलत गेली, पण अंतर गेले काय? राजघाटावरील त्या थोरल्या मुलाला विचारा. त्याने सर्व काही पाहिले होते आणि त्याला काहीच करता आले नव्हते. त्याच्यात आणि वडिलांच्या चितेत वार्तेचे अंतर शून्य होते. खांदा देण्याचे अंतर दोन दिवस आणि दोन रात्रींचे होते. नानासाहेबांना दहा रात्री अज्ञान लाभले. यास ते एक घटकाही लाभले नाही. म्हणून त्याने गुरुजींना विचारले की माझे दिवस आल्यापासून धरायचे का. अंतराचा फायदा घ्यावा हा त्याचा हेतू नव्हता. आपण जेव्हा खरोखर पोहोचलो तेव्हापासून कोणी तरी आपली गणना करावी, एवढेच त्याला हवे होते, असे मला वाटते. ज्ञानाचा दिनांक आणि आगमनाचा दिनांक यांत जी फट पडली आहे, तिच्यासाठी आमच्या शास्त्रात नियम नाही आणि कायद्यातही नाही, कारण दोन्ही रचले गेले तेव्हा ती फट नव्हती.

माझ्या पक्षकारांचे घर घाटापासून लांब नाही. स्थानकावर जाण्यापूर्वी त्यांचा निरोप घेण्यास गेलो तेव्हा तीच मंडळी पुन्हा रस्त्यात भेटली. विधी संपला होता. थोरला मुलगा अनवाणी, ओल्या धोतरात पुढे चालला होता. धाकटा अधूनमधून त्याच्या बरोबरीस येई, पुन्हा मागे राही. चौकाशी आल्यावर थोरला थांबला. धाकट्याने विचारले, “दादा, काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “परवा उजेडताना येथूनच रिक्षाने घरी आलो. ते अंतर फार लांब वाटलं होतं.”

धाकट्याने त्याच्या हातातील पिशवी आपल्या हाती घेतली आणि दोघे घराकडे वळले.